रिकाम्या खोलीचं एक मिनिट

१

दर रविवारी सकाळी अकरा वाजता गुरू स्वतःच्याच खोलीतून एका मिनिटासाठी हाकलला जायचा, आणि हाकलणाराही तोच असायचा. माइक चालू करायचा, चवड्यांवर चालत बाहेर यायचं, दार अलगद ओढून घ्यायचं आणि पॅसेजमध्ये भिंतीला पाठ टेकून साठ आकडे मोजायचे. त्या मिनिटात घरात कुणी बोलायचं नाही, नळ सोडायचा नाही, खुर्ची सरकवायची नाही. बायको हातातलं पातेलं हातातच धरून उभी राहायची. आठ वर्षांची मुलगी, खारू, गाल फुगवून श्वास कोंडून धरायची आणि पन्नाशीच्या आसपास फुस्स करून सोडून द्यायची.

हा खटाटोप कशासाठी, तर प्रत्येक खोलीला स्वतःचा एक आवाज असतो. पंख्याची घरघर, फ्रिजची गुणगुण, भिंतीतल्या पाइपातलं पाणी. हा आवाज आधी एक मिनिट नुसताच टिपून घ्यायचा आणि मग तेवढा आवाज सबंध तासाभराच्या रेकॉर्डिंगमधून पुसून टाकायला यंत्राला सांगायचं. खोली जाते, माणूस उरतो. हे काम करणारा प्रोग्रामही फुकट मिळणारा, कुणीही उघडून पाहावा असा. गुरूला दुसरा चालायचाच नाही.

तो एका विमा कचेरीत कॉम्प्युटरची देखभाल करायचा. पण ते पोटापुरतं. खरा जीव होता तो अशा उघड्या, ओपन सोर्स प्रोग्राममध्ये, त्यांवरच्या ब्लॉगमध्ये आणि पॉडकास्टमध्ये. दोन्हींचं नाव एकच, ‘झाकणाशिवाय’. भेटेल त्याला विकतचे प्रोग्राम सोडायला सांगायचा, म्हणून मित्रांनी नाव ठेवलं गुरू. बायको म्हणायची, “घरचं खाऊन लष्करच्या भाकरी भाजतोय, दुसरं काय!” पण म्हणताना हसायची. निदान पहिली काही वर्षं तरी हसायची.

त्याचं एक तत्त्व होतं. जे करायचं ते उघड्यावर. ब्लॉगचे कच्चे मसुदे, न साफ केलेली रेकॉर्डिंगं, चुका, खोडाखोड, सगळं लोकांसाठी खुलं. “झाकून ठेवण्यासारखं आपल्याकडे आहे काय?” हे वाक्य तो प्रत्येक भागाच्या शेवटी म्हणायचा.

खोली मात्र बंदिस्त होती. पॅसेजच्या टोकाला, नऊ बाय आठची, खिडकी नसलेली. भिंतींवर आवाज शोषायला जुन्या गोधड्या आणि ब्लँकेटं टांगलेली. आणि आता ती सोडायची होती. शंभर भाग झाले की खोली खारूची, असा शब्द त्याने दिला होता. शहाण्णव झाले होते. खारूने रंगही ठरवला होता, पिवळा. पलंग कुठे येणार तिथे तिने एक गोधडी उचलून भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली होती, आणि रोज शाळेतून आली की त्या रेघेपाशी उभी राहून ती बाबाला विचारायची, “अजून किती राहिले?”

२

प्रत्येक भागाचं शब्दांकन यंत्र करायचं. यंत्रच ते, ‘प्रणाली’चं ‘पणती’ करून मोकळं व्हायचं. मग जगभरातले हौशी श्रोते ते वाचायचे, चुका सुधारून पाठवायचे, शेजारी दुरुस्तीचं कारण लिहायचे आणि गुरू त्या एकेक करून मंजूर करायचा.

तीन महिन्यांपूर्वी त्यांत ‘शांतश्रोता’ नावाचा एक जण आला. फोटो नाही, पत्ता नाही, नमस्कार-चमत्कार नाहीत. पण काम बघावं तर लखलखीत. एक स्वल्पविराम चुकायचा नाही. गुरू बोलताना अडखळला असेल तर कुठे, श्वास घेतला असेल तर किती लांब, सगळं बरोबर. यंत्राला जे ऐकू येत नव्हतं ते याला येत होतं.

ओपन सोर्सवाल्यांची एक जुनी खोड आहे. कोण आहे ते विचारायचं नाही, काम बघायचं. आणि काम चांगलं असेल तर एक दिवस, थकल्या हाताने, त्याला किल्ल्या देऊन टाकायच्या. गुरूने तेच केलं. शांतश्रोत्याला मंजुरीचा हक्क दिला. आता तो दुरुस्ती पाठवणार आणि तोच मंजूर करणार.

“ज्याचं तोंड कधी पाहिलं नाहीस, त्याच्या हातात घराची किल्ली?” बायकोने विचारलं.

“घराची कुठे? शब्दांकनाची.”

“तुझ्या घरात तुझं काय काय कशाला जोडलेलं असतं, हे तुला तरी माहितीय का?”

गुरू हसला. संशय हा झाकणवाल्यांचा रोग, असं काहीतरी बोलला आणि लगेच त्यावर एक ब्लॉगही लिहिला.

त्यानंतरच्या बुधवारी कचेरीत जेवताना त्याने सहज शहाण्णवाव्या भागाचं शब्दांकन उघडलं. प्रत्येक शब्दांकनाची पहिली ओळ ठरलेली असायची, ‘(रिकामी खोली, एक मिनिट)’. तिथे एकच शब्द खोडलेला होता. ‘रिकामी’. उरलं होतं, ‘(खोली, एक मिनिट)’.

कारणाच्या रकान्यात शांतश्रोत्याने लिहिलं होतं, ‘बरोबर नाही.’ आणि दुरुस्ती मंजूरही झाली होती.

३

आधी त्याला गंमत वाटली. काटेकोरपणाची हद्द झाली, तो मनात म्हणाला. टेबल आहे, खुर्ची आहे, माइक आहे, म्हणजे खोली रिकामी कशी? बरोबरच आहे की. पण घास तोंडात फिरायला लागला आणि मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

संध्याकाळी घरी येऊन त्याने शहाण्णवाव्या भागाचं ते पहिलं मिनिट कानाला लावलं. पंखा. फ्रिज. आवाज वाढवला. वरच्या मजल्यावर कुणीतरी बादली ठेवली. आणखी वाढवला. आणि एकेचाळिसाव्या सेकंदाला खुर्ची करकरली.

आता, या खुर्चीची एक खोड होती. माणूस उठला की तिची दबलेली गादी हळूहळू पुन्हा वर फुगायची आणि मग ती करकरायची. गुरूने पाच वेळा बसून उठून पाहिलं. प्रत्येक वेळी उठल्यावर आठ सेकंदांनी आवाज. त्याचा जीव भांड्यात पडला. म्हणजे आपल्याच पाठीमागे खुर्ची करकरते, आणि आपण उगाच नसत्या शंका काढतोय.

मग त्याने रेकॉर्डिंग पुन्हा लावलं. आठव्या सेकंदाला एक बारीक करकर होती, ती त्याची. एकेचाळिसाव्याला दुसरी, जरा मोठी, बसतानाची. आणि एकोणसाठाव्याला तिसरी, उठल्यानंतरची.

साठाव्याला दाराची मूठ फिरली आणि त्याचा स्वतःचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

खुर्ची जुनी आहे, लाकूड फुगतं, हवा दमट आहे, असं तो स्वतःला समजावत बसला. त्याने पंच्याण्णवावा भाग उघडून पाहिला नाही. वेळ नव्हता असं त्याने बायकोला सांगितलं, आणि तिने विचारलंच नव्हतं.

४

रविवारी सत्त्याण्णवावा भाग झाला. साठ मोजताना गुरूने दाराला कान लावला. आतून काही आलं नाही. खारूने नेहमीप्रमाणे फुस्स केलं.

मंगळवारी दुरुस्त्या आल्या, एकूण चौदा. सगळ्यांत एकच भर घातलेली होती. गुरू बोलता बोलता जिथे थांबला होता, तिथे नवी ओळ. ‘दुसरा: हं.’

तो चिडला. हा थट्टेचा प्रकार झाला, आणि थट्टेला त्याच्या शब्दांकनात जागा नव्हती. त्याने प्रसारित झालेला भाग ऐकला, त्यात एकही ‘हं’ नव्हता. मग, केवळ शांतश्रोत्याचा खोटेपणा पुराव्यानिशी मांडावा म्हणून, त्याने न साफ केलेलं रेकॉर्डिंग लावलं.

चौदाच्या चौदा ठिकाणी होता.

हळू, नाकातला, हातात काम असताना माणूस समोरच्याला देतो तसा. हं. सांग पुढे. ऐकतोय. आवाज त्याच्यासारखाच होता, म्हणून पहिल्या पाच-सहा वेळा तर तो हसलाच. अरे, आपणच करतो की हे! सवय असेल. पण नवव्या ठिकाणी तो ‘सोर्स’ म्हणत असताना, त्याच शब्दावर, हं पडला होता. एका तोंडाने एका वेळी दोन गोष्टी कशा म्हणता येतील?

आणि मग त्याच्या लक्षात आलं. यंत्र पुसतं काय, तर रिकाम्या मिनिटात जे ऐकू येतं ते. म्हणजे त्या मिनिटात आत जे काही होतं, ते यंत्राने खोलीचा आवाज समजून तासाभरातून पुसलं होतं. दर आठवड्याला. दोन वर्षं. इतक्या निगुतीने ते लोकांपासून झाकून ठेवणारा दुसरा कुणी नव्हता, गुरूच होता.

नाही, हे कुणीतरी मुद्दाम करतंय, तो म्हणाला. कच्ची रेकॉर्डिंगं ज्या जागी ठेवलेली असतात तिथे हात घालणं एखाद्या जाणत्या माणसाला अवघड नाही. आणि जाणता, शिवाय डूख धरून बसलेला, असा त्याच्या ओळखीत एकच होता.

५

त्याला सगळे दाढी म्हणत. पहिले एकसष्ट भाग दोघांनी मिळून केले होते, एका टेबलाच्या दोन बाजूंना बसून. मग एक दिवस दाढीने सांगितलं की मला जमणार नाही. नीट कारण दिलं नाही. गुरूने ते मनाला लावून घेतलं आणि ‘अर्ध्यावर पळणारे’ असा एक लेख लिहिला. नाव घातलं नाही, पण दाढीचं वर्णन घातलं. तेव्हापासून बोलणं बंद.

दाढीचं आता एका बाजारसंकुलाच्या जिन्याखाली लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. गुरू गेला तेव्हा तो एक लॅपटॉप पालथा घालून बारीक स्क्रू काढत होता.

“शांतश्रोता तूच ना?” गुरूने बसायच्या आधीच विचारलं.

“बस आधी. पाणी देऊ?”

“दाढी, मी गंमत करत नाहीये. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये कोण घुसतंय?”

दाढीने वर पाहिलं. एवढ्या महिन्यांनी भेटलेल्या माणसावर रागवायचं असतं, ते त्याच्या चेहऱ्यावर नव्हतं. तिथे होती कीव, आणि ती गुरूला जास्त झोंबली.

“तू रेकॉर्ड करताना कानाला हेडफोन लावतोस का रे?” त्याने विचारलं.

“नाही. स्वतःचा आवाज ऐकला की मला बोलता येत नाही. तुला माहितीय.”

“मी लावायचो.”

“मग?”

“मग काही नाही. एकसष्टाव्या भागात तुझं भाषण चाललं होतं, मी गप्प होतो. आणि तू एकटाच बोलत नव्हतास.” तो स्क्रू डबीत ठेवायला लागला. एक खाली पडला, त्याने उचलला नाही. “मला वाटलं, मी सांगितलं तर तू त्यावर ब्लॉग लिहिशील. लिहिलास तो वेगळ्याच गोष्टीवर.”

गुरूने दाढीकडे नीट पाहिलं. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण हा माणूस खवखवत नव्हता. तो घाबरलेला होता.

“जाऊ दे,” गुरू उठत म्हणाला. “तीनच भाग राहिलेत. मग ती खोली आम्ही खारूला देतोय.”

दाढीचा हात थांबला. “कुणाला?”

“खारूला. तिची खोली.”

“देऊ नकोस,” दाढी म्हणाला. एवढंच. गुरूने पुन्हा पुन्हा विचारलं, आवाज चढवला, पण त्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. दुकानात दुसरं गिऱ्हाईक आलं तेव्हा गुरूला बाहेर पडावं लागलं.

६

घरी येताच त्याने शांतश्रोत्याचा मंजुरीचा हक्क काढून घेतला. पासवर्ड बदलले, एकूण एक. ब्लॉगवर चार ओळी लिहिल्या की तांत्रिक कारणाने दुरुस्त्या तूर्त बंद आहेत. अशी ओळ त्याने आयुष्यात पहिल्यांदाच लिहिली होती.

अठ्ठ्याण्णवावा भाग त्याने कसाबसा उरकला. रिकामं मिनिट टिपलंच नाही. पण पुढच्या मंगळवारी संध्याकाळी पाहतो तर शब्दांकनात दुरुस्त्या झालेल्या. दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी. आणि मंजूर करणाऱ्याच्या जागी नाव होतं, त्याचं स्वतःचं. खोलीतल्या लॅपटॉपवरून.

तीन दहाला तो कचेरीत सगळ्या विभागासमोर उभा राहून नव्या प्रिंटरबद्दल बोलत होता. तिथे वीस साक्षीदार होते. आणि घरात त्या वेळी असतात दोघी. बायको रुग्णांना व्यायाम शिकवायचं तिचं काम उरकून, वाटेत खारूला शाळेतून घेऊन, तीनच्या सुमाराला घरी पोहोचते. खोली तिला हवी होती. मुलीसाठी का होईना, पण हवी होती.

“तू माझ्या लॅपटॉपला हात लावतेस?” जेवताना त्याने विचारलं.

तिने वाटी खाली ठेवली. “काय म्हणालास?”

“खोली रिकामी व्हावी म्हणून मला कुणी घाबरवत असेल तर…”

“दोन वर्षं त्या खोलीने माझा नवरा गिळला, आणि आता मी तिथे बसून भूत-भूत खेळते, असं म्हणतोयस?” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “सरळ सांग ना, खोली सोडवत नाही म्हणून. कहाण्या कशाला रचतोस?”

खारू दोघांकडे टकमका बघत होती. वातावरण हलकं करावं म्हणून असेल, तिने ओठ वर करून हिरडीतली खिंड दाखवली.

“कधी पडला गं दात?” गुरूने विचारलं.

“असं काय रे बाबा! मंगळवारी नाही का मी तुला सांगितलं? आज नाही, मागच्या. शाळेतून आल्या आल्या. तू हं म्हणालास.”

“मंगळवारी मी कचेरीत असतो, खारू.”

“तू खोलीत होतास. दार थोडंसंच उघडं होतं.” तिच्या आवाजात कसलाही संशय नव्हता. “मी तुला रोज सांगते सगळं. तू रोज हं म्हणतोस.”

गुरूने बायकोकडे पाहिलं. ती खारूच्या ताटात भात वाढत होती आणि तिचे डोळे भरले होते, पण भीतीने नव्हे. “ऐकलंस?” ती म्हणाली. “तू असलास काय आणि नसलास काय, पोरगी दाराशी बोलते. सवयच लागलीय तिला. दोन वर्षं दाराआडून हं म्हणत राहिलास, आता ते तिला आपोआप ऐकू येतं.”

ते खरं होतं, आणि त्याला त्याची लाज वाटली. खारूने काही सांगावं, याने मान न वळवता हुंकार द्यावा, हे किती वेळा झालं असेल? पण लाज वाटूनही त्याने ताटावरून उठून आधी खोलीला बाहेरून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. खारू म्हणाली, “पण मग मी उद्या कुणाला सांगू?”

७

गुरुवारी त्याने रजा घेतली आणि ते कुणालाच सांगितलं नाही. नेहमीच्या वेळी बॅग घेऊन निघाला, कोपऱ्यावरच्या बाकड्यावर तासभर बसला आणि घर रिकामं झाल्यावर परत आला. बायको असेल तर बायको, दाढी असेल तर दाढी, आज काय तो सोक्षमोक्ष लागणार होता.

त्याने कुलूप काढलं. माइक टेबलावर ठेवला, त्याची लांब वायर दाराखालून काढून पॅसेजमधून स्वयंपाकघरातल्या टेबलापर्यंत ओढली. खुर्ची टेबलाकडे तोंड करून नीट सरकवली. लॅपटॉप चालू ठेवला. कुलूप घातलं. मग स्वयंपाकघरात बसून दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने रेकॉर्डिंग चालू असताना हेडफोन कानाला लावले. समोर कचेरीचा लॅपटॉप, त्यावर शब्दांकनाचं पान उघडं.

अकरा वाजले. पंखा. बारा. फ्रिज, जो त्याच्या पाठीशीच होता आणि तरी हेडफोनमधून लांबून ऐकू येत होता. एक वाजला. खाली कुणीतरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि ओट्यावर सकाळचे कप तसेच होते. गुरूला स्वतःचंच हसू आलं. शिकला-सवरलेला माणूस, आणि कुलूपबंद खोलीला कान लावून बसलाय. त्याने सकाळचा उरलेला चहा गरम करून घेतला.

दोनच्या पुढे त्याचा डोळा लागत आला होता, तेव्हा खुर्ची करकरली.

त्याने हातातला कप खाली ठेवला, तोही आवाज न करता. हेडफोनमध्ये काही काळ काहीच नव्हतं. मग श्वास, सावकाश, निवांत बसलेल्या माणसाचा. आणि मग कळा. त्याच्या लॅपटॉपच्या कळा. त्यातली मोठी कळ दाबली की चिरका आवाज करते, ते गुरूला झोपेतही ओळखता आलं असतं. कुणीतरी टाइप करत होतं, दोन बोटांनी, जसा तो स्वतः करायचा. बराच वेळ.

उठायला त्याला किती वेळ लागला, ते त्याला नंतर सांगता आलं नसतं. पॅसेज नऊ पावलांचा होता. किल्ली कुलपात पहिल्यांदा गेलीच नाही. दार ढकललं तेव्हा ते भिंतीवर आपटलं.

आत कुणी नव्हतं. लॅपटॉपचं झाकण मिटलेलं होतं. खुर्चीचं तोंड दाराकडे होतं.

आणि खुर्चीची गादी हळूहळू वर येत होती. मधला खोलगट भाग भरत भरत सपाट झाला, तो त्याने उभ्या उभ्या पाहिला, आणि मग खुर्ची करकरली.

८

तो पाठमोरा न होता, मागे मागे सरकत स्वयंपाकघरात आला. दार ओढून घ्यायला पुढे वाकावं लागलं असतं, ते त्याच्याने झालं नाही. वाजले होते तीनला पाच कमी. बायकोला फोन करायचा, खारूला घेऊन तिकडेच थांब म्हणायचं, आपण खाली जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. फोन उचलायला तो टेबलाशी आला आणि कचेरीच्या लॅपटॉपवर नजर गेली.

पानावर नवीन शब्दांकन आलं होतं. भाग शंभरावा. जो अजून रेकॉर्डच झाला नव्हता. दिनांक आजचा, वेळ तीन वाजताची. मंजूर करणारा, तो स्वतः.

वर ‘(खोली, एक मिनिट)’ ही ओळ नव्हती. सरळ सुरुवात होती.

‘मुलगी: बाबा?
दुसरा: हं.
मुलगी: तू आज आहेस खोलीत?
दुसरा: हं. ये.
मुलगी: आता किती राहिले?
दुसरा: झाले सगळे.
तिसरा: खारू, तिकडे जाऊ नकोस!’

त्याखाली कोरं होतं.

त्याने फोन लावला. बायकोने उचलला, मागे रस्त्याचा आवाज होता. “अगं, वर येऊ नका,” तो म्हणाला, “खारूला वर पाठवू नकोस.”

“तू घरी आहेस? काय झालं? अरे, ती गेलीसुद्धा वर. मी खाली गाडी लावतेय. किल्ली दिलीय तिच्याकडे.”

बाहेरच्या दाराचं लॅच उघडलं. बूट काढून भिरकावल्याचा आवाज आला, एक आणि दुसरा. स्वयंपाकघरातून बाहेरचं दार दिसत नव्हतं, पॅसेज दिसत होता, अर्धा.

“बाबा?” खारूने हाक मारली.

गुरूने तोंड उघडलं. त्याने ओ द्यायच्या आत पॅसेजच्या टोकाकडून आवाज आला, हळू, नाकातला.

“हं.”

“तू आज आहेस खोलीत?” तिची पावलं पॅसेजमध्ये पळत आली. स्वयंपाकघराच्या दारावरून ती गेली तेव्हा दप्तर तिच्या पाठीवर उड्या मारत होतं. तिने आत पाहिलंसुद्धा नाही.

गुरू टेबलाला धडकला, कप खाली पडून फुटला, आणि तो पॅसेजमध्ये आला तेव्हा खारू खोलीच्या उघड्या दारात पोहोचली होती. आत तिच्याशी कुणीतरी बोलत होतं, खालच्या स्वरात, मायेने. असं मायेने आपण तिच्याशी शेवटचं कधी बोललो, हे त्या क्षणीही गुरूच्या मनात येऊन गेलं.

“खारू, तिकडे जाऊ नकोस!”

ती दचकून वळली. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या घामेजल्या तोंडाकडे, पुढे केलेल्या हातांकडे. मग खोलीत पाहिलं, जरा वर, उभ्या माणसाच्या तोंडाकडे बघावं तितकं वर. मग पुन्हा याच्याकडे. ती घाबरली होती, आणि घाबरली की ती नेहमी बाबाच्या मागे लपायची.

तिने दप्तराचे पट्टे दोन्ही हातांनी घट्ट धरले आणि मागे सरकत उंबरठ्याच्या आत गेली.

“हे कोण आहेत, बाबा?” तिने आत बघत विचारलं.